व्याह्यांच्या पोटातल्या बारा सुया

आमच्या दिपमालाचं लग्न दोन हजार एकवीसच्या मार्गशीर्षात झालं. त्यानंतर जी पहिली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली, तिच्या आदल्या दिवशीची ही गोष्ट. त्या साली आखाजी आणि ईद एकाच दिवशी आल्या होत्या आणि त्यामुळेच सगळा घोळ झाला. घोळ माझ्यामुळे झाला असं मंजुळाबाई म्हणते. पण चाळीस वर्षांच्या संसारात तिनं दुसरं काय म्हटलंय?

आधी एक गोष्ट छातीवर हात ठेवून सांगतो. पिकअपमधलं मला सगळं कळतं! अठरा वर्षं मी सोनगीरची तांब्या-पितळेची भांडी गाडीत भरून धुळ्या-जळगावचे बाजार केले. अक्षरं मी पंचावन्नाव्या वर्षी शिकलो, पण इंजिन त्याच्या आधीपासून वाचतो. गाडी शिंकली तर साधी सर्दी आहे की छातीत कफ झालाय, हे मी जागेवर बसून सांगतो!

तर ही माझी गाडी आठवडाभर गिअर टाकला की खालून 'खडाक्' करायची. वेग घेतला की बोहल्यावरच्या नवरदेवासारखी थरथरायची. हायवेवर अन्वरभाई मिस्तरीचं गॅरेज आहे. तो गाडीखाली शिरला, मधला लांब शाफ्ट हातानं हलवून पाहिला आणि बाहेर येऊन निकाल दिला.

"नाना, दोन्ही क्रॉस गेले."

गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांपर्यंत एक लांब दांडा फिरत असतो, तो शाफ्ट. त्याच्या दोन्ही टोकांना अधिकाच्या चिन्हासारखा एकेक लोखंडी तुकडा असतो, तो क्रॉस. क्रॉस झिजला की शाफ्ट हाडं खिळखिळी झालेल्या म्हाताऱ्यासारखा कुरकुर करतो.

"मग दे बदलून!" मी म्हणालो.

"आज? नाना, उद्या ईद! जरीना पिशव्या घेऊन दारात उभी आहे. आत्ता मी गाडीखाली शिरलो तर ती म्हणेल, तिथंच राहा! परवा ये." जरीना म्हणजे त्याची बायको.

परवा! अहो, उद्या आखाजी! आमच्याकडे आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, गाणी म्हणतात. पण पोरगी आपल्या पायानं येत नाही. तिला आणायला माहेरचा माणूस जावा लागतो. 'मूळ जाणं' म्हणतात त्याला. आणि माझे व्याही मगन आबा म्हणजे नरडाण्याचे, शाळेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, रीतीभातीला घड्याळापेक्षा पक्के! त्यांनी भर मांडवात बजावलं होतं, "नवलनाना, मूळ आखाजीच्या आदल्या दिवशी, दिवस मावळायच्या आत आलं तर सून पाठवू. दिवा लागला की मूळ परत!" एवढ्यावर थांबले असते तर ठीक. पण माझ्या गाडीकडे बघून वर म्हणाले, "ही नरडाण्यापर्यंत येते ना हो?"

सगळा मांडव हसला. मीही भर मांडवात सांगून टाकलं, "याच गाडीत पोरीला नेईन! आणि सजवून नेईन!"

त्या दिवशी सकाळीच दिपमालाचा फोन आला होता. "आप्पा, मी पिशवी भरून दाराशी ठेवलीय. उशीर नका करू हं." तिचा आवाज असा, की परवापर्यंत थांबणं मला शक्यच नव्हतं.

"अन्वरभाई," मी म्हणालो, "दोन क्रॉस दे. मीच बसवतो."

अन्वरभाईनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं शाळा तपासायला आलेला साहेब गळक्या छपराकडे बघतो. पण डबे दिले. म्हणाला, "दोन गोष्टी ध्यानात ठेव. एक, क्रॉसला चार कप असतात आणि दर कपात पंचवीस सुया, ह्या एवढ्या बारीक कांड्या. एकसुद्धा कमी पडली तर क्रॉस चार दिवसांत खलास! दुसरी, शाफ्ट काढायच्या आधी जोडावर खडूनं खुणा कर. खुणेला खूण जुळवूनच परत बसव. खुणा जप, नाना!"

"खुणा जपतो," मी म्हणालो. इथंच घोळाचा पाया रचला गेला.

घरी आलो. मंजुळाबाईनं अंगणात बाजेवर धोतर पसरून शेवया वाळत घातल्या होत्या. तिला बेत सांगितला.

"एसटीनं जा ना," ती म्हणाली.

"एसटीनं मूळ? मगन आबा हसतील!"

"हसू द्या. पोरगी तर येईल!"

बायकांना इज्जत कळत नाही, असं मी त्या वेळी मनात म्हणालो. आता म्हणत नाही.

चाकांना दगड लावले, खडूनं खुणा केल्या, शाफ्ट खाली उतरवला. लॉक काढले, हातोड्यानं जुने कप ठोकून बाहेर काढले. पहिला क्रॉस दुपारी दोन वाजता असा बसला, की मी स्वतःच्याच पाठीवर थाप मारून घेतली! दुसऱ्याचे चारही कप उघडून पितळी ताटात मांडले आणि बोल्टांची भोकं साफ करायला गाडीखाली सरकलो. तेवढ्यात डोक्यावर आवाज कडाडला.

"काय नवलनाना! मूळ निघालं की नाही?"

मगन आबा! मी ताडकन उठलो. गाडीखालून ताडकन उठता येत नाही, हे डोकं आपटल्यावर आठवलं. पाय झाडला गेला, तो थेट ताटाला. ताट उडालं, कप उडाले आणि शंभरच्या शंभर सुया आकाशात गेल्या! निम्म्या जमिनीवर पडल्या, निम्म्या बाजेवर. शेवयांत!

"मी काही तुमची तपासणी करायला आलो नाही," आबा म्हणाले. "पितळी हंडा घ्यायचा होता. म्हटलं, आलोच आहे तर गाडी बघावी. झाली तयारी?"

"एकदम तयार!"

"मग हा एवढा दांडा खाली कसा पडलाय?"

"तो? तो जादाचा आहे. स्पेअर!"

आबांनी मान हलवली आणि ओट्यावर बसले. मंजुळाबाई लगबगीनं बाहेर आली, डोक्यावर पदर घेतला आणि व्याह्यांच्या पाहुणचाराला बाजेवरच्या ताज्या शेवया मूठभर उचलून आत घेऊन गेली. मी खाली वाकून सुया वेचत होतो, म्हणून ते मला दिसलं नाही. दिसलं असतं तर ही गोष्ट लिहायची वेळ आली नसती.

माझ्याकडे जुन्या भोंग्यातला एक मोठा लोहचुंबक आहे. तो जमिनीवरून फिरवला, शेवयांवरून फिरवला. सुया भराभर चिकटल्या. सगळ्या एका परातीत गोळा केल्या. तोवर मंजुळाबाई आबांच्या हातात दूध-साखर-तुपातल्या शेवयांची वाटी देऊन आली होती.

"दिपमालाची माय," मी हळूच म्हणालो, "एवढ्या सुया मोजून दे. शंभर भरल्या पाहिजेत. मी कपांना ग्रीस लावतो." बघतो तर तिच्या हातात ओलं फडकं आणि समोर माझा शाफ्ट! खडू पुसला गेला तर? मी ओरडलो, "आणि खुणा जप बरं का! खुणांना कुणाचा हात लागता कामा नये!"

"माले शिकाडू नका! जपते!" ती म्हणाली आणि मोजायला बसली. "लाभ, दोन, तीन, चार..."

मंजुळाबाई कापडण्याकडच्या शेतकऱ्याची लेक. तिच्या माहेरी खळ्यावर धान्य मापताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. तिचं मोजणं आजही खळ्यावरचंच आहे. थोड्या वेळानं तिनं हाक दिली.

"झाल्या! चार विसा आणि सोळा."

"शहाण्णव? चार कमी?"

तेवढ्यात ओट्यावरून आबा म्हणाले, "विहीणबाई, शेवया फार सुंदर झाल्यात. आणखी अर्धी वाटी चालेल."

"आजच्याच आहेत आबा, बाजेवरच्या!" मंजुळाबाई कौतुकानं म्हणाली.

माझ्या हातातला ग्रीसचा डबा खाली पडला. बाजेवरच्या!

मी तिला कोपऱ्यात ओढलं. "पुन्हा मोज! नीट मोज!"

तिनं आबांना वाटी वाढली आणि पुन्हा बसली. "लाभ, दोन, तीन..." इकडे आबा एकेक चमचा डोळे मिटून खात होते. मी त्यांच्या गळ्याकडे टक लावून बघत होतो.

"काय बघता हो नवलनाना?"

"काही नाही. तुमचा गळा... छान आहे."

"झाल्या!" मंजुळाबाई ओरडली. "चार विसा आणि बारा."

ब्याण्णव! अहो, मघाशी शहाण्णव होत्या! वाटी एक, सुया चार; वाटी दोन, सुया आठ! मी धावत जाऊन चुंबक उरलेल्या शेवयांवरून फिरवला, पातेल्यात बुडवून ढवळला. एक सुई चिकटेल तर शपथ! बाजेवर नाहीत, पातेल्यात नाहीत, जमिनीवर नाहीत. मग राहिली एकच जागा.

ती जागा ओट्यावर बसून तिसरी वाटी मागत होती!

"नको!" मी किंचाळलो आणि मंजुळाबाईनं भरून दिलेली वाटी धरली.

आबांनीही वाटी सोडली नाही. "नवलनाना! व्याह्याच्या तोंडचा घास काढता?"

"तसं नाही आबा, ऊन फार आहे, शेवया जड पडतात..."

"शाळेतल्या खिचडीवर सह्या केल्यात मी! मला काय जड पडतं ते मला कळतं! सोडा!" हिसका मारून त्यांनी वाटी घेतली आणि रागारागानं, न चावता खाल्ली. न चावता!

मी तोंड फिरवून मंजुळाबाईला खूण केली. "लाभ, दोन, तीन..." चार विसा आणि आठ. अठ्ठ्याऐंशी!

बारा सुया! मी गाडीमागे जाऊन अन्वरभाईला फोन लावला. बाजारात होता, मागून जरीनाचा भाव करण्याचा आवाज.

"अन्वरभाई, माणसाच्या पोटात बारा सुया गेल्या तर काय होतं?"

"नाना," तो म्हणाला, "कपात पंचवीस बसतात ते मला ठाऊक आहे. पोटात किती बसतात ते कंपनीनं लिहिलेलं नाही!"

आता मला आधी खात्री करायची होती. चुंबक पाठीमागे लपवून मी आबांजवळ सरकलो. "आबा, पोटात कुठं टोचतंय का?"

"पोटात नाही. तुमचं वागणं टोचतंय! मी निघतो. आणि स्पष्ट सांगतो, असल्या घरी सून पाठवायची की नाही, याचा मला विचार करावा लागेल!"

माझ्या डोळ्यांसमोर दाराशी ठेवलेली ती पिशवी उभी राहिली. आबा उठायला लागले. मी चुंबक सरळ त्यांच्या पोटाला लावला.

टक्! चिकटला!

मी हात काढला. चुंबक तिथंच! बंडीवर, बेंबीच्या डावीकडे, घोरपडीसारखा घट्ट!

आबांनी खाली पाहिलं. मग माझ्याकडे. मग परातीतल्या सुयांकडे. मग रिकाम्या वाटीकडे. हेडक्लार्क माणूस, हिशेब जुळवायला वेळ लागला नाही. एरवी ते पुस्तकासारखं शुद्ध बोलायचे. पण त्या क्षणी तीस वर्षांची नोकरी गळून पडली आणि आतला नरडाण्याचा अहिराणी मगन बाहेर आला.

"अरे बापरे! मना पोटमा सुया शेतस रे! मी मरस रे!"

आणि ओट्यावर आडवे झाले. मंजुळाबाईनं "बारा सुया हो!" म्हणून हंबरडा फोडला. मी म्हणालो, "आबा, धुळ्याला नेतो, फोटो काढू पोटाचा!"

"कशात नेतोस? त्या स्पेअर दांड्यावर बसवून?"

"रिक्षा बोलावतो!"

"रिक्षाचे दणके? बारा सुया बारा वाटांनी निघतील! मी हलणार नाही. आधी प्रेमराजला बोलव. आणि दिपमालाला! सुनेच्या हातचं पाणी पिऊनच जाईन मी!"

प्रेमराज म्हणजे आमचे जावई. आबांनी स्वतःच फोन लावला आणि एका दमात सांगितलं, "सुनेला घेऊन निघ! असशील तसा निघ! रीत-बीत काही बघू नकोस!" आणि फोन छातीवर ठेवून डोळे मिटले.

मी आपला पायाशी बसून पंख्यानं वारा घालत होतो. आबा मधूनच एक डोळा उघडायचे. "नवलनाना, माझं काही चुकलं असेल तर माफ करा. गाडीला मांडवात हसायला नको होतं."

"नाही आबा, गाडी हसण्यासारखीच आहे."

"ते आहेच," म्हणून पुन्हा डोळा मिटला.

पाऊण तासात मोटारसायकल दारात आली. प्रेमराजचा शर्ट उलटा, दिपमालाच्या पायात दोन वेगळ्या चपला. पण पिशवी मात्र तिनं आणली होती! पोरगी आधी सासऱ्याला पाणी देऊन, त्यांच्याकडून सगळं ऐकून आली. मग मला म्हणाली, "आप्पा, रडू नका. आधी सांगा, सुया हरवल्या हे कुणी मोजलं?"

"तुझ्या आईनं. तीनदा! दर वेळेला चार कमी!"

"आई, माझ्यासमोर मोज."

मंजुळाबाईनं डोळे पुसले, परात पुढं ओढली. "लाभ, दोन, तीन..." वीस झाल्या. तिनं ढिगातली आणखी एक सुई उचलली, पदराच्या टोकावर बाजूला ठेवली आणि पुढं सुरू केलं, "लाभ, दोन..."

"थांब! ही बाजूला का काढलीस?"

"ती? ती खूण!" मंजुळाबाई म्हणाली. "दर विसाला एक खूण काढावी लागते. नाहीतर किती विसा झाल्या हे ध्यानात कसं राहील?"

"मग मोजून झाल्यावर ती खूण कुठं जाते?"

"देवघरात! खुणेचा दाणा राशीत परत टाकला तर बरकत जाते. आणि तुझ्या आप्पांनी तर अंगण हादरेल एवढ्या मोठ्यानं सांगितलं, खुणा जप, खुणांना हात लागता कामा नये! जपल्या मी!"

देवघरातून कुंकवाचा करंडा आला. त्यात लाल लाल झालेल्या बारा सुया!

ओट्यावरून आबांचा आवाज आला, "म्हणजे मी मरत नाही?"

"नाही आबा."

"मग हा का चिकटलाय?" त्यांनी पोटावरच्या चुंबकाकडे बोट दाखवलं.

प्रेमराजनं बंडीच्या आतल्या खिशात हात घातला आणि कपाटाच्या सात किल्ल्यांचा जुडगा बाहेर काढला. त्यासोबत चुंबकही आला.

आबा उठून बसले. टोपी नीट केली. चेहऱ्यावर हळूहळू हेडक्लार्क परत आला. म्हटलं, आता हा माणूस सुनेला मोटारसायकलवर बसवून परत नेणार.

"दिवस मावळला का?" त्यांनी विचारलं.

"नाही आबा. अजून दोन हात वर आहे," मी म्हणालो.

"मग मूळ वेळेत आलं."

"पण आबा, आमचं मूळ तर गेलंच नाही!"

"कोण म्हणतं? सुनेला माहेरी आणण्यासाठी निरोप कुणाचा गेला? माझा! म्हणजे मूळ मी!" आबा एकदम हसायला लागले, आधी खांद्यांतून, मग पोटातून, आणि मग असे की ओट्यावरचा हंडा वाजायला लागला. "आयुष्यभर रीत सांभाळली. सून सासऱ्यानंच माहेरी आणली, हे नरडाण्यात सांगायचं कसं हो विहीणबाई!"

"सांगूच नका," मंजुळाबाई म्हणाली. "शेवया देऊ का आणखी?"

"द्या. पण मोजून देऊ नका!"

मग प्रेमराज आणि मी गाडीखाली शिरलो. कुंकू पुसून सुया कपांत बसवल्या, पंचवीस-पंचवीस, दिपमालानं मोजून दिलेल्या. खडूच्या खुणेला खूण जुळवली, शाफ्ट चढवला. दिवस मावळता मावळता गाडी सुरू केली, गिअर टाकला. खडाक् नाही! नुसती घुर्र, दूध पिलेल्या मांजरासारखी. आबांना पुढं बसवून, पोरीला, जावयाला, मंजुळाबाईला मागं घेऊन हायवेपर्यंत एक फेरी मारली. आबांनी सारा रस्ता कान खाली लावून ऐकलं. घरी उतरल्यावर एवढंच म्हणाले, "येईल हो नरडाण्यापर्यंत."

त्या रात्री ते आमच्याकडेच राहिले. दुसऱ्या दिवशी दिपमाला झोक्यावर, घरात पुरणाचा वास, आणि अन्वरभाई-जरीना ईदचा शीरखुर्मा घेऊन आले. जरीनानं पहिली वाटी आबांना दिली. आबांनी चमचा घातला. वाटीत शेवया! चमचा तिथंच थांबला. आम्हीही थांबलो.

त्या बिचारीला काय ठाऊक! ती म्हणाली, "खा ना आबा. अगदी बारीक आहेत, घशाला टोचायच्या नाहीत!"

आबांच्या नाकातून दूध आलं. एवढं हसलेला माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

त्यानंतरच्या दोन्ही आखाज्यांना आबा सुनेला स्वतःच घेऊन आले. मला मूळ जाऊ दिलं नाही. माझ्या गाडीवर आता त्यांचा भरवसा होता, माझ्यावर नव्हता.

मगन आबा दोन हजार चोवीसच्या कार्तिकात, एका मंगळवारी पहाटे, नरडाण्याला घरीच झोपेत वारले. वय एकोणऐंशी. सुयांनी नाही, वयानं.